शेडनेटमध्ये स्टॉपवॉच

१२ सप्टेंबर २०२४

शाळेत असताना रोज टाचण लिहावं लागायचं. चौतीस वर्षं लिहिलं. मे महिन्यात निवृत्त झालो आणि संध्याकाळ मोकळी पडली, म्हणून आजपासून पुन्हा लिहितो. यावर मुख्याध्यापकांची सही लागणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

केनवडच्या आमच्या शेतात दहा गुंठ्यांवर माझ्या बायकोनं, कस्तुराबाईनं, जाळीचं शेडनेट उभं केलं आहे. सगळी उठाठेव तिचीच. तिची बहीण देऊळगावराजाकडे बियाण्याचे टोमॅटो करते. तिथे दोन हंगाम जाऊन ती शिकून आली. मी तेव्हा तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांत गुंतलेला होतो.

काम असं आहे. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दुपारी चिमट्यानं उघडायची. आतला पिवळा नरभाग अख्खा काढायचा आणि मधला हिरवा दांडा शाबूत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग त्या दांड्याला लावायचे. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. पिवळा कण आत राहिला तर बी भेसळीचं, दांडा मोडला तर फळच नाही. आणि कळी राहून गेली तर ती उद्या आपली आपण उमलते, मग ती वायाच. कंपनी बियाणं घेते ते शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के भरली तर. नाहीतर सगळा माल नामंजूर.

उद्यापासून तांड्यावरच्या आठ बाया येणार. कस्तुराबाई म्हणाली, "तुमी फक्त हजेरी घ्या."

मी चौतीस वर्षं पी.टी. शिकवली. हजेरीच्या पुढचंही मला येतं.

१३ सप्टेंबर

पहिला दिवस. दुपारी एकला शिट्टी मारली, बायांना रांगेत उभं केलं आणि बोटांचा व्यायाम घेतला. हसत हसत का होईना, सगळ्यांनी केला. त्यांच्यात हिरीबाई म्हणून पन्नाशीची बाई आहे. तिनं याआधी सहा हंगाम हे काम केलंय. सोबत तिची मुलगी रंजीता, यंदा बारावी झालेली. हिरीबाईचा हात संथ वाटला. रंजीतात मात्र दम आहे.

१४ सप्टेंबर

शिट्टी सापडत नाही. खुंटीला अडकवली होती. कस्तुराबाई म्हणते उंदरानं नेली असेल. उंदीर एवढ्या उंच चढला कसा, कळत नाही.

सुदैवानं स्टॉपवॉच खिशात होतं.

१८ सप्टेंबर

पाच दिवसांची नोंद पाहिली. एक बाई दुपारी सरासरी चारशे कळ्या करते आणि झाडं सहाशे मागतात. आज योजना जाहीर केली. आठवड्यात सर्वांत जास्त कळ्या करेल तिला स्टीलचा डबा. शाळेत बक्षीस लावलं की लंगडं पोरगंही पळायचं.

हिरीबाई म्हणाली, "सर, डबा ऱ्हाऊ द्या. झाडं बांधलेल्या ह्या दोऱ्या हातभर वर बांधा. कळी डोयापुढं आली तं हात भटकत नाई. अन् हा चिमटा लय बारीक हाये, बोटात फिरते. याले सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा."

मी म्हटलं, "हिरीबाई, आधी कामाचा वेग वाढवा, मग सूचना करा."

ती पुढच्या झाडाकडे वळली. अशी माणसं प्रत्येक संघात असतात. हत्याराला नावं ठेवतात.

कस्तुराबाई हल्ली मला अर्धाच कप चहा देते. साखर कमी करायची म्हणे. मग अर्धा संपला की पुन्हा अर्धा देते. साखर तेवढीच होते, पण तिच्याशी वाद कोण घालणार.

२१ सप्टेंबर

रंजीता ९४०. एका दुपारी. मी स्वतः मोजल्या. प्रत्येक बाई काढलेले पिवळे भाग ओळीच्या टोकाला ठेवलेल्या डब्यात टाकते, त्यावरून आकडा काढला. बाकीच्याही सातशेच्या पुढे गेल्या. हिरीबाई ५१०.

कस्तुराबाईला आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमी कळ्या मोजल्या. कळीत डोकावून पाह्यलं का?"

२४ सप्टेंबर

आज कंपनीचा तपासनीस हरीओम आला. पंचविशीतला पोरगा, गळ्यात भिंग. रंजीताच्या ओळीतल्या शंभर कळ्या त्यानं उघडून पाहिल्या. अकरांत पिवळे कण सापडले. सहांचे दांडे मोडलेले. संगीताच्या ओळीत आठ, रामीबाईच्या ओळीत नऊ. हिरीबाईच्या ओळीत शंभरात शून्य. पुन्हा शंभर पाहिल्या, पुन्हा शून्य.

हरीओम म्हणाला, "सर, असंच चाललं तं हा प्लॉट मी पास नाही करू शकत. दहा ऑक्टोबरले पुन्हा येतो. शंभरात एकाच्या वर चूक दिसली की प्लॉट रद्द. माह्या हातात नाही ते."

रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा परत आणून माझ्या खुर्चीवर ठेवला. मी म्हटलं ठेव गं, ती म्हणाली, "नको सर."

२५ सप्टेंबर

योजना लागल्यापासूनचं काम हातानं खुडून टाकलं. कस्तुराबाई गप्प होती, आणि ती गप्प असली की मला जास्त ऐकू येतं.

आजपासून नवा नियम. घाई बंद. प्रत्येक कळी करून झाली की भिंगातून पाहायची, मगच पुढची.

२९ सप्टेंबर

नव्या नियमानं चूक जवळजवळ संपली. पण एक बाई दुपारभरात अडीचशेच्या वर जात नाही. आज सकाळी शेडनेटमध्ये शिरलो तर सगळीकडे पिवळी फुलं. राहिलेल्या कळ्या रात्रीत उमलल्या. दिसायला फार सुंदर. खुडायला दोन तास लागले.

त्यात सोयाबीन सोंगणी सुरू झाली. तिकडे उक्त्यात, म्हणजे एकरी ठरवून, जास्त मिळतं. तीन बाया कालपासून येत नाहीत, त्यांना दोष देता येत नाही. पाच उरल्या.

जोरात केलं तर भेसळ आणि हळू केलं तर वाया. शंभर मीटरच्या शर्यतीत असलं काही नसतं. तिथे फक्त पळायचं असतं. आज पहिल्यांदा वाटलं की आपण या कामाचे नाही. हे कस्तुराबाईला सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर

बाया कमी म्हणून आज मी स्वतः चिमटा हातात घेतला. कस्तुराबाई "ऱ्हाऊ द्या" म्हणाली. मी ऐकलं नाही. शेवटी तिनं मला कडेच्या दोन ओळी दिल्या, तेवीस आणि चोवीस.

मी झपाट्यानं करतो. हळू केलं की चिमट्याचं टोक हलतं. जोरात केलं की हलत नाही, निदान दिसत नाही. चिमटे हलक्या प्रतीचे आहेत. तरी साडेतीनशे कळ्या केल्या. साठीला आलेल्या माणसाला वाईट नाही. कस्तुराबाईनं माझ्या दोन्ही ओळींना लाल दोरा बांधला. बहुधा कौतुकानं.

५ ऑक्टोबर

आज हिरीबाईच्या मागे दोन तास बसून तिचा हात पाहिला. गोळाफेकीत मुलाची पावलं पाहायचो तसा.

तिचा हात संथ नाही. एका कळीवरून दुसऱ्या कळीकडे जाताना तो रंजीतापेक्षाही जलद जातो. शेवटचं बोटभर अंतर राहिलं की मात्र एकदम मंदावतो, आणि कळीत शिरताना जणू थांबतोच. रंजीताचा हात सगळीकडे एकाच वेगात चालतो. म्हणजे जिथे पळायचं तिथे पळावं, जिथे नाही तिथे नाही.

मग वेळ कुठे जातो ते स्टॉपवॉच लावून पाहिलं. कळीवर फार जात नाही. वाकण्यात जातो, पानांत कळी शोधण्यात जातो, घसरलेला चिमटा सावरण्यात जातो, आणि पिवळा भाग टाकायला ओळीच्या टोकाच्या डब्यापर्यंत जाण्यात तर फारच जातो.

संध्याकाळी विचार करता करता उपाय सुचला. दोऱ्या हातभर वर बांधायच्या, म्हणजे कळ्या डोळ्यांसमोर येतील. चिमट्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. आणि डबा ओळीच्या टोकाला न ठेवता प्रत्येकीच्या कमरेला पिशवी बांधायची. अंतर कमी केलं आणि पकड जाड केली की घाई न करताही वेग येईल. कस्तुराबाईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लय चांगलं सुचलं तुमाले."

६ ऑक्टोबर

सकाळी दोऱ्या वर बांधायला गेलो तर ट्यूबचे तुकडे आधीच कापून ठेवलेले. कस्तुराबाईच्या हाताखालची माणसं तयारीची असतात.

हिरीबाईला माझी कल्पना समजावून सांगितली. तिनं मान डोलावली. रंजीता तोंडाला पदर लावून खोकत होती. शेडनेटमध्ये धूळ फार.

९ ऑक्टोबर

आजचे आकडे. हिरीबाई ७२०. रंजीता ६८०, आणि भिंगातून पाहिलं तर शंभरात एक चूक. बहर थोडा ओसरला आहे हे खरं, पण पाचच बायांत एकही कळी उरली नाही. रंजीता आता शेवटच्या बोटभर अंतरावर श्वास धरते. मी विचारलं कुणी शिकवलं, तर म्हणाली, "याडीनं. ते लहानपनापासून सांगे, मीच ऐकत नोती." त्यांच्याकडे आईला याडी म्हणतात.

उद्या हरीओम येणार. शाळेच्या तपासणीला कधी केली नव्हती अशी तयारी केली, भिंग दोनदा पुसून ठेवलं.

१० ऑक्टोबर

हरीओम आला. प्रत्येक ओळीतल्या शंभर कळ्या पाहायच्या असं म्हणाला. बावीस ओळी पाहिल्या. तेवीस-चोवीसकडे निघाला तेव्हा कस्तुराबाईनं त्याला चहाला बोलावलं आणि कानात काही सांगितलं. तो हसला, मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. त्या ओळी तपासल्याच नाहीत. बहुधा मालकाच्या ओळींवर विश्वास ठेवतात.

प्लॉट पास. मी रंजीताच्या हातात तोच स्टीलचा डबा ठेवला. तिनं घेतला आणि लगेच आईच्या पिशवीत टाकला.

३१ ऑक्टोबर

क्रॉसिंग संपलं. शेवटच्या कळ्या करून बाया दिवाळीला गेल्या. हिरीबाईचा भाऊ सेवालाल ट्रॅक्टर घेऊन आला होता. जाताना ती म्हणाली, "सर, तुमची शिट्टी आमच्या पोट्ट्यांजवळ हाये. बाईनं देली."

मी कस्तुराबाईकडे पाहिलं. ती पणत्या पुसत होती.

२२ नोव्हेंबर

फळं लाल होऊ लागली. आमच्याकडे रोज टोमॅटो. चटणी, भाजी, सार, पुन्हा चटणी. शेजाऱ्यांनाही टोपल्या जातात. बियाण्याच्या प्लॉटवर एवढे टोमॅटो खायला उरतात हे माहीत नव्हतं. कस्तुराबाई म्हणते, "काही फळं जास्तीची असते."

४ डिसेंबर

आज पिकलेली फळं तोडून ओळीप्रमाणे क्रेट लावले. हिरीबाई, रंजीता आणि दोघी बाया आल्या होत्या. मी वजनाच्या काट्यापाशी बसलो होतो. एक ते बावीस झाल्या. मी म्हटलं, "तेवीस, चोवीस आणा."

कुणी हललं नाही. रंजीतानं आईकडे पाहिलं. हिरीबाई कस्तुराबाईकडे पाहू लागली. शेवटी हिरीबाईच बोलली. "सर, ते तं कवाच संपली. तुमच्याच घरी गेली. चटणीत."

बाया गेल्यावर मी कस्तुराबाईला विचारलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुमच्या ओळीतल्या शंभर कळ्या मी पाह्यल्या. साठांत पिवळं होतं. हरीओमले सांगून त्या दोन ओळी प्लॉटातून वगळल्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमी अजून जोरात केलं असतं." मग म्हणाली, "हात कापते तुमचा. दोन वर्षं झाले. तुमी पटापट करता, कोनाले दिसू नाई म्हनून. मले मालूम हाये."

मी म्हटलं, चिमटा हलका होता. आणि बाहेर आलो.

६ डिसेंबर

दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं दोन्ही दिवस न विचारता जेवायला वाढलं.

खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहितो. हात कापतो. निवृत्तीच्या आधीपासून. स्कोअरशीटवर आकडे लिहिताना पहिल्यांदा दिसलं. माझ्या काकांचाही असाच कापायचा आणि शेवटी ते घास तोंडापर्यंत नेऊ शकत नसत. म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. सही झटक्यात करतो. शर्टाऐवजी टी-शर्ट घालतो, बटणं नसतात. मुलांना मात्र सांगायचो की खेळाडूनं दुखापत लपवू नये.

आज शेतावर गेलो. नर झाडांवर उशिराची थोडी फुलं आहेत, कामाची नाहीत. हिरीबाई तिथे एकटीच दोऱ्या सोडत होती. मी तिला म्हटलं, "मला एकदा शिकवा. सुरुवातीपासून."

तिनं मला पाटावर बसवलं. चिमटा दिला. मी कळीपाशी नेला आणि टोक थरथरू लागलं. मी घाईनं ओढणार, एवढ्यात ती म्हणाली, "थांबा ना. कापते तं कापू द्या. मनगट बांबूले टेकवा. आता फक्त बोटं हालवा. माह्या मायचा हात बी कापे. ते मनगट गुडघ्यावर टेकवून कशिदा काढे. तिच्या टाक्याले कोनी हसलं नाई."

तासाभरात अकरा कळ्या केल्या. भिंगातून पाहिल्या. सात स्वच्छ. स्टॉपवॉच लावलं नव्हतं, घड्याळात पाहून तास झाला हे कळलं. अकरातल्या सात म्हणजे काहीच नाही, पण मी चालत घरी आलो तेव्हा मला तालुक्याची ढाल जिंकल्यासारखं वाटत होतं.

कस्तुराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता वाशिमले जाऊ. डॉक्टरले दाखवू." मी म्हटलं हंगाम संपू दे. तिनं मान्य केलं, पण कॅलेंडरवर खूण करून ठेवली.

१८ जानेवारी २०२५

बी धुऊन, वाळवून कंपनीला दिलं. आता ते लावून पाहतील, त्याची रोपं उगवतील आणि मग कळेल. हिरीबाईचं कुटुंब ऊसतोडीला गेलं आहे. रंजीता मात्र मामाकडे राहिली आहे. यंदा कॉलेजात नाव घालणार म्हणते.

९ मे

हरीओमचा फोन. "सर, बाईंना द्या." मला काही सांगेना. कस्तुराबाईनं फोन घेतला, "हो, हो" म्हणाली, ठेवला आणि आधी पाणी प्यायली.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा."

मी खुर्चीतून उठलो आणि काय करावं न सुचून पुन्हा बसलो. ती म्हणाली, "चाला तांड्यावर." उन्हातच निघालो. हिरीबाई चारच दिवसांपूर्वी परत आलेली, अंगणात सामान सोडत होती. आकडा ऐकून तिनं विचारलं, "अन् दुसऱ्यांचे किती?" आसपासच्या पाच प्लॉटांपैकी दोन नामंजूर झालेत, हे हरीओमनं सांगितलं होतं. तिनं खाट टाकली आणि आम्हाला बसवलं. रंजीतानं सगळ्या बायांना हाका मारल्या.

तिथेच ठरलं. यंदा शेडनेट वीस गुंठे. हिरीबाई शिकवणार, रंजीता कॉलेज सांभाळून दुपारी भिंग घेऊन तपासणी करणार. मी विचारलं, "आणि मी?" कस्तुराबाई काही म्हणायच्या आत रंजीता म्हणाली, "सर, दोऱ्या कोन वर बांधन? तुमचीच आयडिया होती ना." सगळ्या बाया हसल्या. आज मला त्या हसण्याचा अर्थ कळला, आणि मीही हसलो.

१४ मे

वाशिमला डॉक्टरांकडे गेलो. कस्तुराबाई सोबत. रांग मोठी होती. केनवडला थांबणारी गाडी साडेतीनला, आणि नंबर लागला तेव्हा तीन वाजून गेले होते.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी मला हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं. मग एक कागद दिला. त्यावर जिलबीसारखी दुहेरी रेघ छापलेली. दोन रेघांच्या मधून पेन न्यायचं, कुठेही रेघेला लागू द्यायचं नाही.

मी पेन घेतलं. एका झटक्यात फिरवून टाकलं असतं तर गोल बरा दिसला असता. पण मनगट टेबलाला टेकवलं आणि हळू निघालो. रेघ थरथरली. सगळ्यांना दिसेल अशी थरथरली. मी थांबलो नाही. बाहेर पडेपर्यंत दोनदा छापील रेघेला लागली.

डॉक्टरांनी बराच वेळ कागद पाहिला. काकांचंही सगळं विचारलं. मग म्हणाले, "घराण्यात आहे. पण तुम्हाला वाटत होतं तसलं काही नाही. गोळी देतो, फरक पडेल. जेवण, लिहिणं, काम, सगळं चालू ठेवा. हळू करा एवढंच."

कस्तुराबाईनं पदरानं चेहरा पुसला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मले बी एक कागद द्या. पाहू तं."

त्यांनी दिला. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि उभ्या उभ्याच पेन गरगर फिरवलं. पेन रेघेबाहेर गेलं, आत आलं, पुन्हा बाहेर गेलं. पाच ठिकाणी.

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "बाई, तुम्हाला कंप अजिबात नाही. तुम्हाला घाई आहे."

"साडेतीनची गाडी हाये ना," ती म्हणाली, आणि माझा हात धरून निघाली.